होडीतील उशी

‘भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा’ अशी एक म्हण आपल्याकडे पूर्वापार चालत आली आहे. खरी भूक लागली असेल तर कोंडाही गोड लागतो आणि खरी झोप आली असेल तर उशाला दगडही चालतो, असा तिचा सरळ अर्थ. बायबलमधील याकोबाने ही म्हण अक्षरशः जगून दाखविली. बैर-शेबाहून हारानकडे जाताना वाटेत सूर्य मावळला, तेव्हा त्याने तिथलाच एक धोंडा उशाला घेतला आणि तो झोपी गेला. त्या झोपेत त्याला पृथ्वीपासून स्वर्गापर्यंत पोहोचलेली शिडी दिसली आणि तिच्यावरून चढणारे-उतरणारे देवदूत दिसले. ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. पण तिच्यातील एक गोष्ट आमच्या ध्यानात फार उशिरा आली. हा याकोब त्या रात्री काही निर्मळ मनाने झोपला नव्हता. आंधळ्या बापाला फसवून, थोरल्या भावाचा आशीर्वाद लाटून, त्याच्या सूडाच्या भयाने तो पळत सुटला होता. असा मनुष्य धोंड्यावर डोके ठेवतो आणि गाढ झोपतो. उलट ज्याच्या सचोटीची ग्वाही खुद्द परमेश्वराने दिली तो ईयोब मात्र रात्र सरता सरत नाही, पहाट होईपर्यंत आपण तळमळत पडतो, असे गाऱ्हाणे मांडतो.

हा विरोध आम्ही आरंभीच मांडला याला कारण आहे. ज्याचे मन स्वच्छ त्याला झोप शांत, अशी एक समजूत आपल्या समाजात घट्ट रुजलेली आहे. तिची दुसरी बाजू कोणी उघड बोलत नाही, पण ती असतेच. ज्याला झोप येत नाही त्याच्या मनात काहीतरी सलत असले पाहिजे. निदान त्याची देवावरची श्रद्धा तरी उणी असली पाहिजे. निद्रानाशाने पिडलेल्या माणसाला भेटणारे दहांतले आठ जण त्याला सांगतात, ‘‘रोझरी म्हणा, आपोआप झोप लागेल.’’ सल्ला मायेचा असतो. परंतु रोझरीची पाचही रहस्ये संपतात, वरची लितानीही संपते आणि डोळे टक्क उघडेच राहतात, तेव्हा त्या माणसाच्या वाट्याला निद्रानाशाबरोबर आणखी एक दुःख येते. आपली प्रार्थनाही आपल्यासारखीच निकामी आहे, असे त्याला वाटू लागते. हे आम्ही ऐकीव सांगत नाही. सुमारे तीन वर्षे आम्ही त्या अवस्थेतून गेलो आहोत, म्हणून त्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

आमच्या आईला २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यात पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. पुढचे तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती. दिवसा घरातील स्त्रिया आणि रात्री आम्ही, अशी शुश्रूषेची वाटणी झाली होती. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागे. त्यासाठी बाराचा, दोनचा, चारचा गजर लावलेला असे. काही आठवड्यांनी गजराची गरजच उरली नाही. तो होण्यापूर्वीच आम्ही उठून बसलेले असू. नोव्हेंबरच्या अखेरच्या मंगळवारी रात्री आम्ही नेहमीप्रमाणे तिच्या खाटेजवळच्या खुर्चीत बसून दुःखाची रहस्ये म्हणत होतो. माळ पहिल्याच रहस्यात केव्हातरी हातातून गळली. दोनचा गजर झाला असणार. आम्ही तो ऐकला नाही, किंवा अर्धवट झोपेत बंद करून पुन्हा झोपलो. जाग आली तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि आई गेलेली होती. हात अजून ऊब धरून होता.

त्यानंतरच्या रविवारी आगमनकाळाला प्रारंभ झाला. त्या वर्षीचे शुभवर्तमान संत मार्काच्या तेराव्या अध्यायातील होते. घरधनी केव्हा येईल, सांजेला, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की सकाळी, याचा नेम नाही. तो अचानक येईल तेव्हा त्याला तुम्ही झोपलेले आढळू नये, म्हणून जागे राहा, असा बोध त्यात प्रभूने केला आहे. आम्ही चर्चमध्ये तिसऱ्या बाकावर बसून तो ऐकला. मिस्साला जमलेल्या शेकडो लोकांपैकी तो केवळ आम्हालाच उद्देशून वाचला जात आहे, असे आम्हाला वाटले.

त्या आठवड्यापासून रोज रात्री पावणेतीनच्या सुमारास आम्हाला जाग येऊ लागली. पहिले काही महिने आम्ही त्याची फारशी दखल घेतली नाही. शोक आहे, ओसरेल, असे वाटले. शोक ओसरला, जाग मात्र राहिली. पुढे ती अलीकडे सरकत गेली. आधी झोपून मग जाग येत असे, ती झोपच लागेनाशी झाली. आपण केव्हा झोपणार, उद्या कामाचे कसे होणार, हे हिशेब अंथरुणाला पाठ टेकताच सुरू होत. दिवसा डोळे चुरचुरत, क्षुल्लक कारणावरून घरातल्यांवर खेकसणे होई, एकदा तर हिशेबाच्या वहीत अशी चूक झाली की तीस वर्षांच्या नोकरीत कधी झाली नव्हती. तरीही आम्ही डॉक्टरांकडे गेलो नाही. का गेलो नाही याचे खरे उत्तर देणे आम्हाला पुष्कळ दिवस जमले नाही. ती जाग आम्ही न्याय्य मानली होती. ज्या वेळी जागे असावयास हवे होते त्या वेळी आम्ही झोपलो, म्हणून आता ज्या वेळी सारे जग झोपते त्या वेळी आम्ही जागे. हिशेब बरोबर होता. एखाद्या रात्री चुकून चांगली झोप लागलीच, तर सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटण्याऐवजी आपण काही चोरी केली असे वाटे.

अखेर ही गोष्ट आम्ही प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी एका वयोवृद्ध धर्मगुरूंना सांगितली. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि विचारले, ‘‘आई त्या वेळी जागी असती आणि तुम्ही खुर्चीत झोपलेले तिला दिसला असता, तर तिने काय केले असते?’’ उत्तर आम्हाला ठाऊक होते. तिला हात हलवता आला असता तर तिने अंगावरची चादर आमच्या अंगावर ओढली असती. फादर पुढे म्हणाले, ‘‘यात पाप मला दिसत नाही; जिथे पाप नाही तिथे प्रायश्चित्त मी कशाचे देणार? तुम्ही मात्र ते स्वतःच घेऊन बसला आहात. आता डॉक्टरांकडे जा.’’ धर्मगुरूने प्रार्थना वाढवा असे न सांगता डॉक्टरांकडे जा असे सांगावे, याचे त्या क्षणी आम्हाला थोडे वैषम्यच वाटले. आज वाटत नाही.

डॉक्टरांकडून जे कळले ते थोडक्यात सांगतो. कारण आमच्यासारखे अनेक वाचक हे वाचीत असतील आणि त्यांनाही ते कोणी सांगितले नसेल. आठवड्यातून किमान तीन रात्री आणि असे तीन महिने किंवा अधिक काळ झोपेचा त्रास होत असेल, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल, तर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ साली त्याची जी उपपत्ती मांडली ती आजही उपयोगी ठरते. त्यांच्या मते निद्रानाशाला तीन प्रकारची कारणे असतात: काही माणसाच्या घडणीतच असलेली, काही त्याला एखाद्या प्रसंगी सुरू करणारी आणि काही तो टिकवून धरणारी. यांतील तिसरा प्रकार सर्वांत ध्यानात घेण्यासारखा आहे. आईचे आजारपण आणि मृत्यू यांनी आमचा निद्रानाश सुरू केला खरा, पण तीन वर्षांनंतर त्याला पोसत होते ते आमचेच उपाय. रात्रीची झोप भरून निघावी म्हणून आम्ही साडेनऊलाच अंथरुणावर पडत असू, दुपारी तासभर लवंडत असू, दिवसभर तरतरी राहावी म्हणून पाच-सहा वेळा चहा घेत असू आणि रात्री दर पंधरा मिनिटांनी घड्याळ पाहत असू. यांतील प्रत्येक गोष्ट वरकरणी शहाणपणाची होती आणि प्रत्येकीने आजार वाढविला.

ते कसे, हेही समजून घेण्यासारखे आहे. आपण जितका वेळ जागे असतो तितकी मेंदूत झोपेची ओढ साठत जाते. अ‍ॅडेनोसिन नावाचे द्रव्य त्या साठवणीतील एक मुख्य घटक असल्याचे मानले जाते. चहा-कॉफीतील कॅफिन त्या द्रव्याची वाट अडविते आणि घेतल्यानंतर पाच-सहा तासांनीही त्याचा सुमारे निम्मा अंश शरीरात उरलेला असतो. दुपारी घेतलेली डुलकी ही रात्रीच्या साठ्यातून केलेली उचलच होय. याशिवाय प्रकाश-अंधाराशी जुळलेले एक घड्याळ शरीरात असते आणि रोज वेगवेगळ्या वेळी उठल्याने ते बिघडते. आणि ज्या अंथरुणावर माणूस रात्रीमागून रात्री तळमळत पडतो, ते अंथरुणच त्याच्या शरीराला तळमळीची खूण वाटू लागते. बैठकीच्या खोलीत पेंगणारा मनुष्य अंथरुणावर जाताच टक्क जागा होतो, तो याच कारणाने. रिचर्ड बूट्झिन यांनी १९७२ साली सुचविलेला उपाय याच निरीक्षणावर आधारलेला आहे. डोळे मिटू लागले तरच अंथरुणावर जावे. बराच वेळ झोप लागली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत जावे, मंद उजेडात काहीतरी शांतपणे करीत बसावे आणि झोप येऊ लागल्यावरच परतावे. रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठावे.

आम्हाला डॉक्टरांनी मध्यरात्री बारापूर्वी अंथरुणावर जाण्याची मनाई केली आणि पहाटे साडेपाचला उठण्याची सक्ती केली. दुपारची झोप बंद, दोननंतर चहा बंद, मोबाइल आणि घड्याळ दोन्ही शयनगृहाबाहेर. पहिले दोन आठवडे फार कठीण गेले. जेवतानाही मान खाली पडत असे. तिसऱ्या आठवड्यापासून सलग चार-साडेचार तास झोप लागू लागली, तेव्हा पडण्याची वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी अलीकडे आणली. अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने, अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने, २०१६ साली प्रौढांच्या जुनाट निद्रानाशावर गोळ्यांच्या आधी हीच उपचारपद्धती वापरावी अशी शिफारस केली आहे. मात्र झोपेचे तास असे कमी करणे ज्यांना फेफऱ्याचा किंवा उन्माद-अवसादाचा विकार आहे, ज्यांना वाहन वा यंत्र चालवावे लागते, त्यांनी मनाने करू नये. ज्यांचा श्वास घोरता घोरता अडतो त्यांचा आजार निराळा आणि त्यावरचे उपचारही निराळे. पहाटे लवकर जाग येणे, कशातच रस न वाटणे, जगणे नकोसे होणे, ही लक्षणे एकत्र दिसली तर मुळीच वेळ दवडू नये. झोपेच्या गोळ्यांविषयी एवढेच सांगतो की, त्या घेणे लाजिरवाणे नाही. पण पुष्कळ गोळ्यांची सवय लागते आणि म्हातारपणी त्यांच्यामुळे तोल जाऊन हाडे मोडतात. तेव्हा शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये आणि डॉक्टरांनी दिलेली एकदम सोडू नये.

हे सर्व झाले शरीराचे. आम्हाला अस्वस्थ करणारा प्रश्न याच्या पलीकडचा होता.

मनुष्य जे जे करतो ते प्रयत्नाने करतो, अशी आपली धारणा असते. झोप तिला अपवाद आहे. आपण जेवू शकतो, चालू शकतो, मौन धरू शकतो. ‘झोपू’ मात्र शकत नाही. आपण फक्त आडवे होऊ शकतो. पुढचे जे घडते ते आपल्यावर घडते. एवढेच नव्हे, तर जितका जोर लावावा तितकी झोप दूर पळते. नाझींच्या छळछावण्यांतून जिवंत परतलेले व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रांक्ल आपल्या निद्राहीन रुग्णांना उलटाच सल्ला देत: झोपण्याचा प्रयत्न सोडा, जागे राहण्याचा प्रयत्न करा. झोपेच्या पाठीमागे लागणे सुटले की ती येण्याची वाट मोकळी होते. चरकसंहितेने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या बरोबरीने निद्रेला शरीराच्या तीन उपस्तंभांत स्थान दिले आहे आणि रात्रीच्या स्वभावामुळे येणाऱ्या झोपेला ‘भूतधात्री’ म्हणजे प्राणिमात्रांची दाई म्हटले आहे. शब्द सुंदर आहे. दाई उचलून घेते; तिच्या कडेवर आपण आपल्या बळाने चढत नसतो. एकशेसत्ताविसावे स्तोत्रही हेच सांगते. पहाटे उठून रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्याचे श्रम व्यर्थ आहेत, कारण परमेश्वर आपल्या प्रियजनांना झोपेचे दान देतो, असा त्याचा आशय. आता हे दान आहे म्हटल्यावर, ज्याला ते मिळत नाही तो प्रियजन नव्हे काय, हा प्रश्न पुन्हा उभा राहतोच. पण त्याच स्तोत्रसंहितेतील सत्त्याहत्तरावे स्तोत्र रचणारा म्हणतो की, देवच त्याच्या पापण्या मिटू देत नाही. त्याचे हे गाऱ्हाणे ख्रिस्तसभेने प्रार्थना म्हणून जपले आहे. तेव्हा निद्राहीन मनुष्य प्रार्थनेच्या बाहेर फेकला गेलेला नाही. त्याची जागा स्तोत्रांच्या आतच आहे.

मग रोझरीचे काय? झोप यावी म्हणून ती म्हणावी की नाही? आम्ही या प्रश्नावर पुष्कळ दिवस घोटाळलो. घड्याळाकडे एक डोळा ठेवून म्हटलेली रोझरी ही रोझरी राहत नाही, ती झोपेची गोळी होते. आणि गोळी लागू पडली नाही की आपण वैद्याला दोष देतो. इथे तर वैद्य म्हणजे देवच. प्रार्थनेला असे कामाला जुंपणे योग्य नाही, असे आमचे मत झाले आहे. परंतु झोपेच्या दारात म्हटलेली, कशाचीही अट न घालणारी प्रार्थना ही निराळी गोष्ट आहे. ‘नमो मरिया’ म्हणता म्हणता डोळा लागला तर उरलेली माळ आपला रक्षक देवदूत पुरी करतो, असे आमची आई सांगत असे. ही काही धर्मसभेची शिकवण नव्हे, घराघरांतील भाबडी समजूत आहे. तथापि लिझ्यूच्या संत तेरेझानेही आपल्या आत्मचरित्रात असेच काहीसे लिहून ठेवले आहे. मठात प्रार्थनेच्या वेळी तिला वर्षानुवर्षे झोप येत असे. त्याचे दुःख करण्याऐवजी तिने असा विचार केला की, मुले जागी असोत की झोपलेली, आईबापांना ती सारखीच लाडकी असतात. ही झोपाळू जोगीण पुढे १९९७ साली ख्रिस्तसभेची विद्वान आचार्या म्हणून घोषित झाली, याची आम्हाला गंमत वाटते.

संत बेनेडिक्टही या बाबतीत आपल्या कल्पनेपेक्षा मऊ आहे. सहाव्या शतकातील त्याच्या नियमावलीत मठवासीयांनी हिवाळ्यात रात्रीच्या आठव्या तासाला प्रार्थनेसाठी उठावे असे सांगितले आहे. पण का, तर तोपर्यंत अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक झोप होऊन अन्नही पचलेले असते म्हणून. उठताना झोपाळू बंधूंना सबबी सापडू नयेत यासाठी एकमेकांना हळुवारपणे उठवावे, असेही तो सांगतो. झोप पुरी होण्याची व्यवस्था आधी आणि जागरणाची आज्ञा नंतर. इतिहासकार रॉजर एकर्च यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले आहे की, विजेच्या दिव्यांपूर्वीच्या युरोपात साधी माणसेही पुष्कळदा दोन टप्प्यांत झोपत आणि मधल्या जागेपणात प्रार्थना करीत, बोलत बसत, घरची कामे उरकत. हे वाचून आम्हाला मोठा दिलासा मिळाला. मध्यरात्रीची जाग ही प्रत्येक वेळी विकृती नसते. मात्र या माहितीचा आधार घेऊन निद्रानाशालाच साधना ठरविणारे काही भाविक आम्ही पाहिले आहेत, त्यांच्याशी आमचे जुळत नाही. जागरण हे स्वेच्छेने केलेले तप असते. निद्रानाश हा लादलेला आजार असतो. उपवास आणि उपासमार यांत जो फरक, तोच इथेही.

उपासमारीवरून आठवले. ज्यांची झोप इतरांनी हिरावून घेतली आहे त्यांच्याविषयी आपण ख्रिस्ती लोक फारसे बोलत नाही. शेतीला वीज रात्री मिळते म्हणून महाराष्ट्रातला शेतकरी थंडीत, साप-बिबट्याच्या भयात, मध्यरात्री पाणी द्यावयास निघतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. उपदेशक म्हणतो की, कष्टकऱ्याची झोप गोड असते, मग त्याचे खाणे थोडे असो वा फार. पण ती त्याला मिळू तर दिली पाहिजे! रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावू नयेत असा नियम २००० सालापासून आहे आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने रामलीला मैदान प्रकरणात निवांत झोप हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग मानला. तरीही लग्नाच्या आदल्या रात्री आणि सणाच्या दिवसांत आपल्या वाड्यांतून जो गोंगाट चालतो, तो ऐकत पलीकडच्या घरात एखादा आजारी, एखादी बाळंतीण, पहाटेच्या गाडीने भाजी-फुले घेऊन मुंबईला जाणारी एखादी बाई तळमळत असते. हा शेजारधर्माचा भंग आहे, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते. झोप लागत नाही यात पाप नसेल. दुसऱ्याला झोपू न देणे यात ते असू शकते.

असो. आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो. पहिल्या महायुद्धात १९१४ साली मारला गेलेला फ्रेंच कॅथलिक कवी शार्ल पेगी याने आपल्या एका दीर्घकाव्यात खुद्द देवाच्या तोंडून न झोपणाऱ्या माणसाविषयी नापसंती व्यक्त केली आहे. असा मनुष्य दिवसभर राबतो, पण रात्रीपुरताही आपला कारभार देवावर सोपवीत नाही, अशी त्याची तक्रार. काव्य थोर आहे; पण ज्याला झोप येतच नाही त्याने ते मध्यरात्री वाचू नये, असा आमचा अनुभवाचा सल्ला आहे. पेगीच्या देवापेक्षा आम्हाला संत मार्काच्या चौथ्या अध्यायातील दृश्य अधिक उपयोगी पडले.

सरोवरात वादळ उठले आहे, लाटा होडीत येऊन ती भरू लागली आहे आणि प्रभू येशू होडीच्या मागच्या बाजूस उशीवर झोपला आहे. उशीचा उल्लेख केवळ मार्कच करतो. आम्ही या उताऱ्यावरील प्रवचने शंभर वेळा ऐकली असतील. त्या सर्वांत भर असे तो वादळ शांत करणाऱ्या शब्दावर. एका रात्री, घड्याळ दाराबाहेर टाकून पुढच्या खोलीत बसलो असताना, आमचे लक्ष शिष्यांच्या शब्दांकडे गेले. ते त्याला केवळ हाक मारून उठवीत नाहीत, त्याच्यावर आरोप करतात. आम्ही बुडत आहोत आणि तुला त्याचे काहीच वाटत नाही, असा तो आरोप आहे. जो झोपला त्याला काळजी नाही, ही शिष्यांची समजूत. आणि अगदी हीच आमची. आई मरत होती आणि तू झोपलास, म्हणजे तुला तिची पर्वा नव्हती, असे आम्ही स्वतःला तीन वर्षे सांगत आलो होतो. ज्याच्याइतकी काळजी जगात कोणाला नव्हती, तोच होडीत झोपला होता! तो दिवसभर लोकांना शिकवून थकला होता. त्याला शरीर होते.

गेथशेमनी बागेत प्रसंग उलटा आहे. तिथे प्रभू जागा आहे, घामाघूम आहे, आणि पेत्र, याकोब, योहान झोपले आहेत. दुःखाच्या रहस्यांतले हे पहिलेच रहस्य. आमच्या हातून माळ गळली तीही इथेच. प्रभू त्यांना दोष देतो यात शंका नाही. तासभरही जागे राहवले नाही का, असे तो विचारतो. पण त्याच दमात त्यांची बाजूही तोच मांडतो: मनाची तयारी आहे, देह दुबळा आहे. संत लूक, ज्याला परंपरा वैद्य मानते, एक शब्द अधिक घालतो. ते दुःखाने झोपी गेले होते, असे तो लिहितो. आळसाने नव्हे, बेपर्वाईने नव्हे, दुःखाने. अतिशोकाने माणसाचे डोळे मिटतात, हे रुग्णाच्या उशाशी बसलेल्या वैद्याने पाहिलेले असावे. आणि तिसऱ्यांदा येऊन त्यांना झोपलेले पाहिल्यावरही प्रभू त्यांना तिथेच टाकून जात नाही. उठा, आपण जाऊ, असे म्हणून त्यांना बरोबर घेतो.

संत योसेफाचेही असेच. हेरोद बालकाच्या जिवावर उठला आहे आणि ज्याच्यावर त्या बालकाचा भार आहे तो झोपला आहे. निरोप त्याला झोपेतच मिळतो आणि तो उठून रातोरात मिसरची वाट धरतो. २०२५ साली दिवंगत झालेले पोप फ्रान्सिस यांच्या मेजावर निद्रिस्त संत योसेफाची मूर्ती असे. एखादी अडचण आली की ती कागदावर लिहून आपण त्या मूर्तीखाली ठेवतो, असे त्यांनी २०१५ च्या जानेवारीत मनिला येथे कुटुंबांच्या मेळाव्यात सांगितले होते. आम्हीही झोपण्यापूर्वी एका जुन्या वहीत दुसऱ्या दिवसाच्या चिंता लिहून ठेवू लागलो आहोत. आमच्या घरी तशी मूर्ती नाही. वही स्वयंपाकघरातील फळीवर असते.

आमचा त्रास समूळ गेला असे आम्ही म्हणणार नाही. महिन्यातून दोन-चार रात्री जाग येते. तेव्हा आम्ही उठून पुढच्या खोलीत बसतो. पावणेतीन वाजले आहेत की साडेतीन हे आम्हाला कळत नाही आणि आम्ही ते पाहत नाही. त्या वेळी कोणाच्या तरी उशाशी बसून जे जागत असतील त्यांच्यासाठी एक ‘नमो मरिया’ म्हणतो, एकच. मग डोळे जड झाले तर परत जातो, नाही झाले तर बसून राहतो.

मागच्या नोव्हेंबरात आईच्या वर्षाच्या मिस्साच्या आदल्या रात्री मात्र आम्हाला जाग आली नाही. साडेपाचच्या गजराने उठलो तेव्हा बाहेर अंधार होता आणि चर्चची पहिली घंटा होऊन गेली होती. अंथरुणात बसून जुनी टोचणी मनात शोधून पाहिली. ती होती, थोडी. पण मिस्साला उशीर होत होता, म्हणून घाईने तोंड धुतले, सदरा चढविला आणि निघालो.